रुमालाखालचा हात

बैलाच्या शिंगांवरचा लाल रंग अजून ओला होता. बोट लावलं की बोटाला यायचा.

चंद्रव्वाच्या कनवटीला बटणांचा फोन असतो. त्यात नंबर चारच, आणि त्यातला तिसरा तिच्या मेलेल्या भावाचा.

समुद्रापलीकडच्या एका गावात एका माणसानं नवा हात घेतला. जुना पुसून, खोक्यात घालून, दान केला.

यात्रेच्या दिवसांत विजापूर रोडवरच्या मोबाइलच्या टॉवरखाली किती माणसं येतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. टॉवर तेवढाच राहतो.

डाव्या हातानं भाव धरत नाहीत.

क्लासमध्ये बसल्यावर उत्कर्षानं सवयीनं पर्समध्ये फोन चाचपला. मग तिला आठवलं, आज बाजार.

फोनवर इंग्रजीत एक चौकट आली होती. तळाशी दोन शब्द. एकाचा अर्थ आता, दुसऱ्याचा नंतर.

आता नीट सांगायचं तर असं. महिपती मूळचा करमाळ्याकडचा, राहायला कुंभारीत, धंदा बैलांच्या दलालीचा. हा धंदा तोंडानं होत नाही, रुमालाखाली होतो. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. जेवढी बोटं धरली तेवढा भाव. वर चेहरे कोरे, गप्पा पावसापाण्याच्या, आणि खाली ओढाताण. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. आणि हे काम उजव्या हाताचं. डावा पुढं केला तर समोरचा सरळ विचारतो, काय रं, धुवायला आलास का सौद्याला?

महिपतीचा उजवा हात चुलतभावाच्या रसवंतीत गेला. उसाच्या कांड्याबरोबर चरकात. कोपराखाली चार बोटं जागा राहिली तेवढीच. त्यानंतर दोन यात्रा तो बाजारात आला, नुसता फिरला, बैलांच्या तोंडात बघून दात मोजले, आणि घरी गेला.

मग शहरात शिबिर झालं. बाहेरच्या देशातल्या एका संस्थेनं वापरलेले विजेचे हात आणले होते. महिपतीला मिळाला तो काळा, रबरी बोटांचा, आतून बारीक गुरगुरणारा. उरलेल्या हाताचा स्नायू आवळला की तो मिटायचा, सैल सोडला की उघडायचा. कोणतं बोट कधी हलायचं ते फोनमधून ठरवायचं. त्याचं ॲप महिपतीच्या फोनवर चालेना, फोन फार जुना. ते फक्त लेकीच्या, उत्कर्षाच्या, फोनवर चाललं. म्हणून बाजाराच्या दिवशी बाप फोन घेऊन जायचा आणि लेक फोनशिवाय क्लासला. ॲपमध्ये आधीच्या मालकानं चमचा, पेला, बूट असे प्रकार लावून ठेवले होते. उत्कर्षानं ते काढून एक बोट, दोन बोटं, तीन, चार असे लावले.

हाताला स्पर्श कळत नव्हता. त्यावर महिपतीनं तोड काढली. रुमालाखाली तो डावाही घालायचा. उजवा बोलायचा, डावा ऐकायचा. लोक हसले, मग सवय झाली, मग "इलेक्ट्रिक महिपती" असं नाव पडलं आणि धंदा पुन्हा उभा राहिला.

त्या सकाळी समोर बसला होता धोंडप्पा, अक्कलकोटच्या खालच्या अंगाचा शेतकरी. साठी उलटलेला, कपाळाला भस्म, सावकाश बोलणारा. मागं त्याची बायको चंद्रव्वा. मध्ये खिलारी जोडी, दोन्ही चौसे, चार दातांचे. रुमाल पडला. धोंडप्पानं तीन दाबली. महिपतीनं त्याची चार बोटं धरली.

आणि हात सुटला नाही.

महिपतीनं स्नायू सैल सोडला. पुन्हा आवळून सोडला. आतून एकदा गुर्र झालं, बोटं आणखी थोडी आवळली आणि गुरगुर बंद झाली.

"सोड की रं," धोंडप्पा हसत म्हणाला. "चारावर अडलास ते अडलासच. मी काय बैल घिऊन पळून चाललो न्हाय."

"सोडतोय अप्पा. जरा… अडकल्यागत झालंय."

चंद्रव्वानं रुमाल उचलला. काळी बोटं धोंडप्पाच्या चार बोटांवर मिटलेली, अंगठा वरून दाबून बसलेला.

"अय्यो! अंतरपाट काढला तरी हात सुटंनात," ती म्हणाली. "आता अक्षता टाकू काय दोगांवर?"

भोवतीची माणसं खदाखदा हसली. महिपतीही हसला. हसता हसता त्यानं खिशातून फोन काढला. पडद्यावर एक निळी पट्टी होती, पट्टीखाली आकडा.

अकरा टक्के.

चौकट सकाळी आली होती. बैलांचे फोटो काढायचे होते आणि ती मध्येच येत होती, म्हणून त्यानं पहिला शब्द दाबला होता. काही दाबलं की ती गप्प बसते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"अव्वा, तुमचा फोन द्या. माझ्यावरनं बोललो तर ह्ये चाललंय त्ये बंद पडतंय."

उत्कर्षाकडं फोन नव्हता, पण तिच्या शेजारी बसणाऱ्या रेश्माकडं होता, आणि तो नंबर महिपतीला पाठ होता. बटणं मोठी होती. डाव्या अंगठ्यानं त्यानं लावला. तिसऱ्या वेळी रेश्मानं उचलला आणि उत्कर्षा वर्गाबाहेर आली.

"पप्पा, काय लिहिलंय वर? वाचा."

"इंग्रजी वाचायला येतंय व्हय मला?"

"एकेक अक्षर सांगा."

"यु… पी… डी…"

"अपडेट सुरू झालंय. पप्पा, मी रोज 'नंतर' दाबत होते. आपल्याकडं एवढं नेट कुटं असतंय. तुमी काय दाबलंत का?"

"न्हाय," महिपती म्हणाला. "मी कशाला दाबू?"



"बरं. अपडेट चालू असताना हात मिटून बसतो. पुरं झालं की उघडेल."

"आन् बॅटरी संपली तर? तर सुटंल न्हवं?"

"न्हाय पप्पा. बंद पडला तर हाय तसाच राहतो. पुरंच व्हायला पायजे."

चौदा टक्के.

आधी बसून राहायचं ठरलं. पण बसता येईना, कारण महिपती जरा हलला की धोंडप्पाचं मनगट ओढलं जायचं. शेवटी महिपतीनं खांद्याचा पट्टा सोडला, डाव्या हातानं धरून थोट्या हातावरचा साचा उपसून काढला, आणि बाजूला झाला. हात धोंडप्पाकडं राहिला. म्हाताऱ्याच्या बोटांना एक काळा हात लोंबत होता, कोपरापर्यंत पोकळ. महिपतीचा थोटा हात कित्येक महिन्यांनी बाजाराच्या उन्हात आला, आणि त्याला एकदम सगळ्यांसमोर धोतर सुटल्यासारखं वाटलं. त्यानं रुमाल त्याच्यावर गुंडाळला.

"आता म्या तीन हाताचा," धोंडप्पा म्हणाला. पण तो दुसऱ्यांदा हसला नाही.

कुणीतरी म्हणालं, खाली रेंज येत नाही, वर चढा. कडब्यानं भरलेला टेम्पो उभा होता. महिपती एका हातानं त्याच्यावर चढला, कसा ते त्यालाही कळलं नाही. पेंढ्यांवर उभा राहून त्यानं फोन आभाळाकडं धरला. खाली जत्रा पसरली होती, पाळणे, उसाच्या मोळ्या, बैलांच्या पाठी, आणि जिकडं बघावं तिकडं माणसं फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" म्हणत होती. कुणी बायकोला शोधत होतं, कुणी चुकलेलं पोर, कुणी नुसतं फोटो पाठवत होतं. ते सगळे त्याच एका टॉवरला लोंबकळले होते. महिपतीला त्या प्रत्येकाचा राग आला.

एकोणतीस. एकोणतीस. एकोणतीस.

तो खाली वाकून बघायचा. धोंडप्पाला पोत्यावर बसवलं होतं. चंद्रव्वा त्याच्या बोटांवर तेल सोडत होती. एकानं पळी आणून मध्ये घालून बघितली, पळी वाकली. दुसरा म्हणाला, साबण. तिसऱ्यानं सांगितलं, थंड पाणी. बोटांची टोकं आधी लाल होती. आता लाल नव्हती.

"दुखतंय का अप्पा?" महिपतीनं वरून ओरडून विचारलं.

"न्हाय. दुखत न्हाय. तुजं होऊ दे सावकाश."

महिपतीला बरं वाटलं. दुखत नाही म्हणजे फार आवळलं नसावं. दुखत नाही म्हणजे अजून वेळ आहे.

चव्वेचाळीस.

बटणांचा फोन वाजला. चंद्रव्वानं तो वर फेकला, महिपतीनं छातीवर झेलून हनुवटी आणि खांद्यात धरला.

"पप्पा, मी रेश्माच्या फोनवरनं कंपनीला लिहिलं. लगेच उत्तर आलं."

"काय म्हणाले?"

"माणूस न्हाय, मशीनच बोलतंय. आज शनिवार. ते सोमवारी बोलतील म्हणं. आन् हाताचा नंबर मागितलाय, खरेदीची पावती मागितलीय. आपल्याकडं कुटली पावती?"

"शिबिरवाल्यांना लाव की."

"लावला. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडं हाय. पप्पा, त्यांची बोटं कशी हायत?"

"बरी हायत."

"रंग कसला हाय?"

 बटणांच्या फोनवरून चित्र जात नाही, हे महिपतीला त्या क्षणी बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची लाजही

सत्तावन्न

वाटली, पण आकडा हलला होता, एकदम, तेरानं, आणि तो लाज विसरला.

रस्त्यापलीकडं अमरेशचं वेल्डिंगचं दुकान. ट्रॉल्या, फाटकं, बैलगाडीच्या धावा जोडून देणारा. त्याला कुणीतरी बोलावून आणलं. तो हातात ग्राइंडर आणि खांद्यावर वायरीचं वेटोळं घेऊन आला. आल्या आल्या त्यानं आधी बोटं बघितली, मग हात.

"ह्ये लोखंड न्हाय," तो म्हणाला. "आत काय हाय मला म्हाईत न्हाय. पर अंगठा बुडातनं उडवला तर बाकीचं ढिलं पडंल. पाणी मारत मारत कापावं लागंल, न्हायतर भाजतंय."

"थांब," वरून महिपती म्हणाला. "निम्मं झालंय. जास्तच झालंय निम्म्यापेक्षा."

"मालक, बोटं बघितली का?"

"त्यास्नी दुखत न्हाय. इचार त्यांनाच."

अमरेशनं धोंडप्पाकडं बघितलं. धोंडप्पा मान हलवून म्हणाला, "न्हाय दुखत. खरंच न्हाय. राहू दे, गरिबाचा हात हाय त्यो."

ग्राइंडर खाली ठेवला गेला.

महिपती वर उभा. कडब्याची टोकं पायांत टोचत होती. हात कापला तर काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. शिबिर पुन्हा येणार नव्हतं. असा हात दुकानात मिळत नाही, आणि मिळतो तिथल्या माणसांशी बोलायला सोमवार आणि पावती लागते. पुन्हा दोन यात्रा, पुन्हा नुसतं फिरणं, बैलाच्या तोंडात बघणं. लोक "या या महिपती" म्हणतील आणि रुमाल दुसऱ्याच्या हातावर टाकतील. या सगळ्याच्या आड फक्त एक पट्टी होती, आणि ती भरत होती. भरतच होती. ही काय खोटी आशा नव्हती, आकडा समोर दिसत होता.

एकाहत्तर.

"खाली उतर," चंद्रव्वा म्हणाली.

"अव्वा, झालंच."

"उतर म्हणते ना."

"खाली आलो की रेंज जाती."

ती टेम्पोच्या चाकापाशी आली. आवाज चढवला नाही. तिच्या तोंडात मराठीच्या मध्ये कानडी यायला लागलं, तसं ते एरवी येत नसावं.

"त्यांचं दुखत न्हाय म्हणतोस. नोडु, ऐक. त्यास्नी साखर हाय. बारा वर्षं झाली. पायाच्या बोटात काटा मोडला, आठ दिवस त्याच काट्यावर चालत हुते. दुखत न्हाय, दुखत न्हाय. मला वास आला तवा कळलं. त्ये बोट काढलं. तवाबी डॉक्टरला हेच सांगत बसले, दुखत न्हाय. त्यांचं दुखणं त्यांना कळतच न्हाय रं बाबा. ह्यो मुका बैल हाय. साकु. आता पुरं कर."

महिपतीनं धोंडप्पाच्या हाताकडं बघितलं. एवढा वेळ तो बोटं बघत होता म्हणजे ती आहेत का हे बघत होता. आता त्यानं रंग बघितला. जांभळाच्या सालीचा रंग. करंगळी तर त्याहून गडद. चरकाजवळच्या बादलीत त्यानं स्वतःचा हात असाच एकदा बघितला होता, आणि तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं होतं ते हेच, की दुखत कसं नाही.

"त्र्याण्णव झालंय," तो म्हणाला. "अव्वा, सातच राहिलंय. सात."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं. ते त्यानंच म्हटलं. अमरेश वर बघत होता, चंद्रव्वा वर बघत होती, आणि धोंडप्पा मात्र बैलांकडं बघत होता.

चौऱ्याण्णव.

शहाण्णव.

पट्टी भरली. शंभर. निळा रंग हिरवा झाला, एक छोटं चाक गोल गोल फिरलं. महिपती ओरडला, "झालं! झालं अप्पा!" आणि पेंढ्यांवरून घसरत, अर्धा पडत खाली आला. फोन त्यानं काळ्या हाताजवळ धरला, निरांजनासारखा. माणसं पुढं सरकली. आतून गुर्र झालं.

चाक थांबलं. एक चौकट आली. हिरवा रंग गेला.

हात उघडला नाही.

रेश्माचा नंबर पुन्हा लावून त्यानं बटणांचा फोन खांद्यात धरला. "उत्कर्षा, ऐक. नवीन काय तरी आलंय. एन… ओ… टी. मग ए, वी, ए…"

"पुढं?"

"मग लई मोठं हाय. शेवटी सी, ओ, यु, एन…"

तो अक्षरं सांगत गेला. पलीकडं पेनाचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"पप्पा, आपल्या देशात ही सेवा मिळत न्हाय असं लिहिलंय."

"मग एवढं उतरवून कशाला घेतलं त्यानं?"

"उतरवून घेऊन मग बघतंय ते. कुठनं घेतलं ते."

"मग आता?"

"आता काय न्हाय, पप्पा. कापा."

महिपतीनं फोन चंद्रव्वाच्या हातात दिला. "कर सुरू," तो अमरेशला म्हणाला, आणि स्वतः खाली बसून काळा हात डाव्या हातानं मनगटापाशी घट्ट धरला, हलू नये म्हणून. अमरेशनं धोंडप्पाच्या बोटांवर ओलं गोणपाट घातलं. चंद्रव्वानं तांब्या धरला. ग्राइंडर सुरू झाल्यावर बैल बिथरले आणि दोघांनी कासरे ओढले. रबर जळल्याचा वास आला, मग पांढरी धूळ, मग बारीक तारा दिसायला लागल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, केसांपेक्षा थोड्या जाड. पाणी, धूर, पुन्हा पाणी. धोंडप्पा नवऱ्या मुलासारखा मान खाली घालून बसला होता. अंगठा टक् करून बाजूला पडला, तेव्हा आतून शेवटचं एकदा गुर्र झालं आणि चारही काळी बोटं, कुणी न सांगता, हळूच सैल पडली.

दवाखान्याच्या बाकावर महिपतीच्या शेजारी चंद्रव्वा बसली होती. आत डॉक्टरांनी बोटांवर पट्ट्या सैल गुंडाळल्या होत्या. तीन बोटांत रक्त पुन्हा फिरतंय असं ते म्हणाले. करंगळीचं उद्या सांगतो. साखर आहे, त्यामुळं उद्याही नक्की सांगता येईलच असं नाही.

महिपतीच्या शर्टाची उजवी बाही खिशात खोवलेली होती. काळा हात पिशवीत होता, अंगठा निराळा.

"अव्वा," तो म्हणाला, "मी आधीच…"

"दोनदा नको म्हणालास," चंद्रव्वा म्हणाली. "एकदा त्या वेल्डिंगवाल्या पोराला आन् एकदा मला. मी मोजत हुते."

 बाकासमोरून नर्स ट्रॉली ढकलत गेली.

"आमच्या ह्यांनीबी नको म्हटलं," ती थोड्या वेळानं म्हणाली. "गरिबाचा हात म्हणं. आता दोगंबी बसा हात घिऊन." तिनं बटवा उघडून पान काढलं, लावलं, अर्धं त्याच्यापुढं धरलं. त्यानं घेतलं नाही. तिनं हात मागं घेतला नाही. मग त्यानं घेतलं, डाव्या हातानं.

आतून धोंडप्पाचा आवाज आला. तो डॉक्टरांना विचारत होता की बाजार किती वाजेपर्यंत चालतो.

चार वर्षांपूर्वी, त्या दुसऱ्या देशात, हाच हात अपडेट होताना सायकलच्या मुठीवर अडकला होता, आणि कंपनीचा माणूस गाडी घेऊन घरी आला आणि अर्ध्या तासात सोडवून गेला.